देवीला छप्पर कोणी मागितले?

दिवाळीच्या सुट्टीत कोठे जावयाचे, याची चर्चा सध्या घरोघर चालू असेल. फराळाची ताटे पुढे आहेत, मुले हटून बसली आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत या चर्चेचा शेवट एकाच नावावर होणार आहे : लोणावळा! फार लांब नाही, फार खर्चाचे नाही, शिवाय येताना चिक्की आणता येते. या बेतावर विरजण घालावे असा माझा हेतू नाही. परंतु लोणावळ्याच्या आसपास, मावळातल्या आडबाजूच्या रानात आपण मंडळी जातो आणि तेथे काय करून येतो, याविषयी मला चार कडू शब्द बोलावयाचे आहेत. ऐन फराळाच्या दिवशी कारले वाढतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. कडू बोलण्याचा अधिकार मला आहे. कारण या खटल्यातला पहिला आरोपी मीच आहे.

लोणावळ्याला जाऊन आपण काय पाहतो, ते एकदा आठवून पाहा. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, राजमाची पॉइंट! सह्याद्रीसारख्या सह्याद्रीचे आपण ‘पॉइंट’ करून टाकले. नागफणीच्या सुळक्याला साहेबाने आपल्या ड्यूकच्या नाकाची उपमा दिली. साहेब गेला, पण नाक राहिले. पॉइंट म्हणजे काय? तर जेथे गाडीतून उतरावे, दरीकडे पाठ करून आपलेच छायाचित्र काढावे, कणीस खावे आणि पुढच्या पॉइंटाकडे निघावे. पॉइंटावर कोणी राहत नाही. पॉइंटाला कोणाचे गाव नसते, कोणाची विहीर नसते. रानाला एकदा पॉइंट म्हटले की तेथे वागण्याच्या रीतीचा प्रश्नच मिटला!

मी सांगतो आहे ती जागा मात्र पॉइंट नव्हती. कामशेतला आगगाडीतून उतरले की उत्तरेला नाणे मावळ, त्याच्याही पलीकडे आंदर मावळ आणि दक्षिणेला पवन मावळ. नाव फार जुने आहे. कार्ल्याच्या लेण्यांतल्या सातवाहनकालीन लेखात ‘मामल’ प्रांताचा उल्लेख येतो, तो हाच मावळ असे अभ्यासक मानतात. या तीन खोऱ्यांपैकी एकीत ते गाव आहे. गावाचे नाव मी लिहिणार नाही. त्याचे कारण लेख संपेपर्यंत वाचकांच्या ध्यानात येईल.

१९७८ साली, कॉलेजात असताना, आम्ही चार मित्र डोंगर उतरताना वाट चुकलो. चैत्राचे ऊन, पाण्याच्या बाटल्या कोरड्या. गुरे राखणाऱ्या एका पोराने आम्हाला एका राईत नेले. बाहेर डोळे दिपत होते आणि आत भर दुपारी कातरवेळ झालेली होती. जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनी; एकेक खोड असे की दोघांच्या कवेत यायचे नाही. गारंबीचा एक वेल अजगरासारखा या झाडावरून त्या झाडावर गेलेला, आणि त्याच्या हातभर लांबीच्या शेंगा वर लोंबत होत्या. पायाखाली पाचोळा इतका जाड की पावलाचा आवाज होत नव्हता. कोठे तरी तांबट ठोके देत होता, एवढाच काय तो आवाज.

आम्ही मोठ्याने हसत-बोलत आत शिरलो, तोच एक म्हातारा गुरव समोर आला. म्हणाला, “पोरांनो, वहाना काढा. आन् हळू बोला. आई निजलीय.”

आम्ही पडलो सुधारकी विचारांचे. देव मानत नव्हतो, मग देवीची वामकुक्षी कोठून मानणार? तरी त्या काळोखाचा असा काही वचक बसला की चौघांनीही मुकाट्याने वहाणा काढल्या. मध्यभागी एक शेंदूर लावलेला तांदळा होता. ना देऊळ, ना ओटा. वर नुसते आभाळ आणि फांद्या. मी विचारले, “बाबा, एवढी जुनी देवी, आणि डोक्यावर छप्पर कसे नाही?”

म्हातारा म्हणाला, “आईला छप्पर चालत न्हाई. एकदा बांधलं व्हतं म्हनत्यात, रातीत मोडून टाकलं तिनं.”

उंबराच्या मुळाशी दगडी टाके होते आणि त्यात झऱ्याचे पाणी झुळझुळत होते. पोट भरून प्यालो. बाहेर पडताना एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन राईच्या कडेने जाताना दिसली. भारा तिने कोसभर लांबून आणलेला होता. आणि तिच्या पायाशी, राईच्या हद्दीत, वाळक्या फांद्यांचा खच पडलेला! तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. राईतली वाळकी काडीदेखील चुलीत घालायची नाही, असा गावाचा नेम होता. पहारेकरी नव्हता, कुंपण नव्हते, दंडाचा फलक नव्हता. फक्त नेम होता.

त्यानंतर मी तेथे कितीदा तरी गेलो. गुरव वारला, त्याच्या मुलाचीही ओळख झाली. आणि आता कबुलीजबाब. २०१२ साली गावची मंडळी घरी आली. त्यांतले दोघे मुंबईला नोकरीला, एक पिंपरीच्या कारखान्यात. हातात पावतीपुस्तक. देवीच्या ठाण्याचा जीर्णोद्धार करावयाचा आहे, कौल लावला, देवीने उजवा दिला, म्हणाले. मी नुकताच सेवानिवृत्त झालो होतो, हातात पैसा होता, आणि त्या पाण्याचे ऋण मनात होते. अकरा हजार एक रुपये दिले. जे मुळात कधी बांधलेलेच नव्हते ते जीर्ण कसे झाले आणि त्याचा उद्धार कसा करावयाचा, एवढा साधा प्रश्न मला मराठी भाषेचा मास्तर असूनही सुचला नाही! नकाशा पाहिला नाही, झाडांचे काय होणार हे विचारले नाही. पावती घेतली, चहा पाजला आणि पुण्य पदरात पडल्याच्या समाधानात झोपलो.

मध्ये गुडघ्यांनी दगा दिला आणि जाणे राहिले. गेल्या ज्येष्ठात मुलगी, जावई आणि नातू यांच्याबरोबर गेलो. गाडी थेट राईत गेली. हो, राईत! पूर्वी गावापासून पाचशे पावले चालावे लागे, तेथे आता सिमेंटचा रस्ता आहे. हिरड्याची तीन झाडे होती तेथे गाड्या उभ्या करण्याचे पटांगण. पाचोळ्याच्या जागी लाल-पिवळ्या फरशीचे ठोकळे. मध्यभागी स्लॅबचे देऊळ. आतून शहरातल्या न्हाणीघराला असतात तशा चकचकीत टाइल्स, आणि त्यांच्यामध्ये बिचारा तांदळा, पोलादी गजांमागे. शिखरावर चारी दिशांना तोंड केलेले कर्णे. झाडे उरली होती तीस-पस्तीस. बुंध्यांना गेरू-चुना फासून ओळीने उभी, शाळेच्या कवायतीसारखी. गारंबीचा वेल कोठेच नव्हता. त्या दिवशी तेथे आणखी पाच गाड्या होत्या. एकीची दारे सताड उघडी टाकून गाणी लावली होती, आणि तिच्याभोवती आपलीच सुशिक्षित मंडळी कागदी ताटल्यांतून भजी खात होती. ‘किती शांत आहे ना इथे!’ असे त्यांतल्या एक बाई ओरडून सांगत होत्या. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हते.

इतक्यात नातू धावत आला. “आजोबा, आजोबा, तुमचं नाव!” देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी होती, देणगीदारांची. तेराव्या ओळीत मी होतो. पोराला केवढा अभिमान वाटला! त्याने त्या पाटीशी उभे करून माझे छायाचित्र काढले. माझ्या आयुष्यात मला एवढी शरम क्वचितच वाटली असेल.

टाके अजून आहे. कोरडे होते. शेजारी बसलेल्या एका आजींना मी विचारले. त्या म्हणाल्या, “पूर्वी मिरगापत्तर पानी असायचं बघा. आता शिमग्यालाच बसतंय.” आणि मग लगेच, माझ्या चेहऱ्याकडे पाहून, “पर देऊळ झ्याक झालंय न्हवं?”

देऊळ बांधल्यामुळेच झरा आटला, असे मी न्यायाधीशासारखे सांगू शकत नाही. आजूबाजूला विंधनविहिरी झाल्या आहेत, डोंगराच्या उतारावर बंगल्यांसाठी जमीन सपाट केली आहे. पण राई आणि पाणी यांचे नाते गावकऱ्यांना कोणा शास्त्रज्ञाने शिकवावे लागत नव्हते. उलट शास्त्रज्ञच ते गावकऱ्यांकडून शिकले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून १९७५-७६ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत आहे. तेथली राई तोडण्याचे वनखात्याने ठरविले, तेव्हा गावकऱ्यांनी राई वाचवा म्हणून धाव घेतली; कारण गावचा झरा त्या राईतून येत होता. जाड पाचोळा आणि मुळांचे जाळे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि पुढे महिनोन्‌महिने ते थोडेथोडे सोडतात. यात चमत्कार काही नाही. पाचोळा झाडून तेथे फरशी बसवली की पाऊस चार महिन्यांत उतारावरून पळून जातो, यातही काही चमत्कार नाही.

माझा मुद्दा आता स्पष्ट सांगतो. मावळातली ही राने कुऱ्हाडीपेक्षाही आपल्या कौतुकाने मरत आहेत. आपल्याला शांतता आवडते, म्हणून आपण तिच्यापर्यंत रस्ता मागतो. आपल्याला देवी आवडते, म्हणून तिला स्लॅब देतो. काजवे आवडतात, म्हणून मृगाच्या तोंडावर राजमाचीच्या वाटेवर गाड्यांच्या दिव्यांची रांग लावतो. आणि काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद, ती आपल्या झगमगाटात बुडून जाते. रान तोडून वसवलेल्या बंगल्यांच्या वसाहतीला नाव देतो ‘वनश्री’! मेलेल्या माणसाचे नाव नातवाला ठेवतात, तशी ही रीत आहे. एवढेच की येथे माणूस आपणच मारलेला असतो.

यावर आक्षेप येतील. माझ्या तरुणपणचे सोबती म्हणतील : अहो, म्हणजे तुम्ही अंधश्रद्धेची भलावण करता! देवीच्या भीतीने राने राखायची, तर कोंबडे-बकरे कापणेही राखा, बाईला विटाळ म्हणून राईबाहेर ठेवणेही राखा. नाही; ते मी राखणार नाही. मावळातल्या या आया किती प्राचीन आहेत, याचा माग दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मिथ अँड रिऍलिटी’ या ग्रंथात काढला. कोसंबींसारखा कडवा बुद्धिवादी पायी या डोंगरांत हिंडला, तो देवीला नवस बोलायला नव्हे. पण दगडाला हसून तो परतला नाही. या लोकांनी शतकानुशतके काय जपले आणि का जपले, हे त्याने विचारले. आम्ही अर्धाच बुद्धिवाद शिकलो. देवीची भीती टाकली, ते ठीकच झाले. पण त्या भीतीबरोबर जी रीत होती, वहाणा काढण्याची, हळू बोलण्याची, काडीला हात न लावण्याची, तीही टाकली. आणि तिच्या जागी दुसरी रीत आणली नाही. भीती गेली आणि शहाणपण आले नाही, तर मध्ये जे उरते त्याचे नाव उद्दामपणा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो माझा नव्हे, त्या आजींचा आहे. त्यांनी मला सांगितले, की रस्ता झाला म्हणून त्यांची सून अडलेली असताना वेळेत दवाखान्यात पोचली. यावर मी काय बोलणार? मावळाने आजवर दुसऱ्यांसाठी थोडे दिले आहे काय? १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले ते लोणावळ्याच्या आणि वळवणच्या तळ्यांतल्या पाण्यावर; दिवे लागले मुंबईत. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते. ते बंद नळातून नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ गोळीबारात तीन शेतकरी मेले. अशा लोकांना पुण्यात पंख्याखाली बसून ‘तुम्ही अंधारातच राहा, आम्हाला तुमचे रान पाहायचे आहे’ असे सांगणे हा निर्लज्जपणा आहे. म्हणून मी ते सांगत नाही. मी म्हणतो, रस्ता गावापर्यंत हवा, राईपर्यंत नको. मधली पाचशे पावले आजींच्या सुनेसाठी नव्हती. ती पाचशे पावले तुमच्यामाझ्या गाडीसाठी झाली.

आणि पैसा? झाड न तोडताही रानातून गावाला चार पैसे मिळू शकतात. पवन मावळातल्या आजिवली गावाची राई अभ्यासकांच्या लेखांतून आधीच गाजली आहे, म्हणून तिचे नाव घेतो. तेथे भेरली माड आहेत. गावकरी त्यांचा रस काढतात आणि माड राखतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. राखणे आणि खाणे यांत वैर नाही. वैर आहे ते राखणे आणि मिरवणे यांत.

तिसरे म्हणतील, सरकारने कायदा करावा. कायदे आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या स्थापून आपल्या रानाची नोंदवही करण्याची सोय दिली आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या प्रकरणात, केंद्राने देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखावे असे सुचविले. हे सर्व चांगलेच आहे. पण हुकमाची ताकद किती, तेही आपण पाहिले आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांना दोष देण्याचा अधमपणा मी करणार नाही. पुढे मनाईचे हुकूम निघाले. आणि हुकूम चुकवून आत कसे शिरावे याच्या वाटा लोक एकमेकांना सांगू लागले. पोलीस शनिवार-रविवार उभा राहू शकतो. त्या सरपणवाल्या बाईचा नेम मात्र तिच्याबरोबर बारा महिने चालत होता. फलकाने जे होत नाही ते रीतीने होते, आणि रीत सरकारी कचेरीत मिळत नाही. ती घरात, ताटावर बसल्या बसल्या मुलांना लागते. म्हणून तर हे मी दिवाळी अंकात लिहितो आहे.

तेव्हा मागणी एवढीच. जा, खुशाल जा. पण गाडी गावात ठेवा आणि पुढे चालत जा. चालवत नसेल तर गावातच बसा. माझ्या गुडघ्यांना मी हाच न्याय लावणार आहे. गावातल्या एखाद्या घरी पिठले-भाकरी सांगा आणि तिचे पैसे हॉटेलात देता तसे न घासाघीस करता द्या. राईत गाणे नको, ताटली नको, आणि दिसलेल्या जागेचा पत्ता जगाला कळवण्याची घाई तर मुळीच नको. पावतीपुस्तक घेऊन कोणी आले, तर देणगी जरूर द्या. पण आधी विचारा, की सिमेंट कोठे पडणार आणि त्या जागी आज काय उभे आहे? मी एवढे विचारले असते, तर निदान त्या तीन हिरड्यांवर चर्चा तरी झाली असती.

परत आल्यावर मी गावच्या मंडळींना पत्र लिहिले, की पाटीवरचे माझे नाव काढून टाका, आणि देवळाभोवतीची फरशी उखडायला जो खर्च येईल त्यातला वाटा मी देतो. उत्तर फार अदबीचे आले. मास्तरांचे नाव काढणे म्हणजे मास्तरांचा अपमान. ते आमच्या हातून होणार नाही. फरशीचा विचार बैठकीत घेऊ. दसरा झाला, बैठक अजून झालेली नाही. गुरवाचा नातू मात्र फोनवर हळूच म्हणाला, “मास्तर, मागच्या बाजूची फरशी यंदाच्या पावसात आपोआपच उचकटलीय. खालून उंबराची मुळं वर येत्यात.”

मी त्याला म्हटले, ती फरशी पुन्हा बसवू नकोस. कोणी विचारले तर माझे नाव सांग. ते तेथे कोरलेलेच आहे.